नाण्याची रचना पारखायला कसं शिकायचं: संग्राहकांची आवडती आणि नावडती नाणी

नाणी जमवायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला आवडतं नाणं विचारलं, की उत्तर बहुधा त्याच्याकडच्या सर्वांत जुन्या नाण्याचं येतं, नाहीतर सर्वांत दुर्मिळ नाण्याचं. जुनेपणा आणि दुर्मिळता हे नाण्याचे गुण झाले, रचनेचे नव्हेत. रचना बघायला वेगळी नजर लागते. ती जन्मजात नसते, ठरावीक क्रमाने नाणी बघत गेलं की बसते. हा लेख त्या क्रमाचा आहे. सोबत संग्राहकांच्या बोलण्यात पुन्हापुन्हा येणारी काही लाडकी आणि काही दोडकी नाणी आहेत, कारण उदाहरण डोळ्यांसमोर असलं की नियम पटकन कळतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करून घ्या. नाणं म्हणजे छोटं केलेलं चित्र नाही. दोन-अडीच सेंटिमीटरच्या धातूच्या चकतीवर घाव घालून उमटवलेलं ते शिल्प आहे. ते एकावर एक रचलं जातं, खिशात घासलं जातं, अंधारात बोटांनी चाचपून ओळखलं जातं. ही सगळी बंधनं सांभाळून जे देखणं राहतं, तेच चांगलं नाणं. म्हणून पडद्यावर दहापट मोठा केलेला फोटो पाहून मत बनवू नका.

तयारी

पाच ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग, हवा तसा वळवता येणारा एक टेबल-दिवा, मऊ कापड, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, प्लास्टिकच्या जबड्यांचा कॅलिपर आणि एक वही. एवढं पुरतं. दहापटीच्या वरचं भिंग रचनेसाठी उलट नुकसानच करतं, कारण त्यातून ओरखडे दिसतात, पण आकृती हरवते.

नाणं नेहमी कडेने धरा, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, आणि खाली कापड असू द्या. बोटांचा घाम पृष्ठभागावर लागला की तांब्यावर आणि चांदीवर काही दिवसांत ठशाचा डाग उमटतो, तो निघत नाही. नाणं धुऊ नका, घासू नका, पॉलिशही करू नका. नवखा माणूस सर्वांत मोठं नुकसान करतो ते इथेच. घासल्यावर पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा पडतात आणि उठावाच्या, म्हणजे पृष्ठभागातून वर आलेल्या आकृतीच्या, कडा बोथट होतात, म्हणजे जी रचना पारखायची तीच पुसली जाते. साठवणीसाठी पीव्हीसीची मऊ पाकिटं वापरू नका. त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. मायलारची पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी बऱ्या.

पाच शब्द लेखभर लागतील. छापा आणि काटा हे आपल्याला खेळातून माहीत आहेतच: चेहरा किंवा राजचिन्ह असलेली बाजू छापा, दुसरी काटा. पृष्ठभागाभोवतीची उंच गोल पट्टी म्हणजे काठ, आणि नाणं उभं धरल्यावर दिसणारी जाडी म्हणजे कड. ज्या पोलादी ठशावर चित्र उलटं आणि खोलगट कोरलेलं असतं, त्याला डाय म्हणतात.

पायरी 1: हातभर अंतरावरून बघा

भिंग बाजूला ठेवा. नाणं हातभर लांब धरा आणि तीन सेकंद बघा. मग ते झाकून वहीत आठवेल तेवढं रेखाटा. चित्रकला येत नसली तरी चालेल, आकृती उमटते की नाही एवढंच बघायचं आहे.

या परीक्षेत अव्वल येणारं नाणं अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे. अथेन्सचं घुबडाचं चांदीचं चौद्राम, म्हणजे चार द्राखमांचं नाणं: वजन 17 ग्रॅमच्या आसपास, व्यास साधारण 24 मिलिमीटर. छाप्यावर शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, काट्यावर घुबड. घुबडाचं शरीर बाजूने दाखवलेलं आहे, पण मान थेट आपल्याकडे वळलेली आणि डोळे टपोरे. सोबत ऑलिव्हची डहाळी, छोटी चंद्रकोर आणि नगराच्या नावाची तीन अक्षरं. आणखी काही नाही. तीन सेकंदांत ते डोक्यात बसतं आणि पुन्हा जात नाही. ग्रीसने आपल्या 1 युरोच्या नाण्यावर हेच नाणं कोरलं, आणि तिथेही ते लगेच ओळखू येतं.

आधुनिक नाण्यांत आयर्लंडची 1928 ची मालिका अशीच. निवड-समितीचे अध्यक्ष होते कवी डब्ल्यू. बी. येट्स आणि रचना होत्या पर्सी मेटकाफ यांच्या. छाप्यावर राजाचा चेहरा नाही, फक्त हार्प वाद्य. काट्यांवर प्राणी: अर्ध्या क्राउनवर घोडा, फ्लोरिनवर सामन मासा, शिलिंगवर बैल, सहा पेन्सवर शिकारी कुत्रा, तीन पेन्सवर ससा, पेनीवर पिल्लांसह कोंबडी, अर्ध्या पेनीवर पिलांसह डुकरीण, फार्दिंगवर वुडकॉक पक्षी. एकेक प्राणी मोकळ्या जागेत एकटा उभा. ही मोकळी जागा वाया गेलेली नाही. आकृतीला उठाव तिच्यामुळेच येतो.

वर्तुळाशी आकृतीचं जमतं का, हेही याच पायरीवर तपासा. चौकोनी चित्र गोल चकतीत कोंबलं की चारी बाजूंना अर्थहीन तुकडे उरतात. ऑस्ट्रेलियात 1966 मध्ये दशमान नाणी आली तेव्हा स्टुअर्ट डेव्हलिन यांनी 20 सेंटवर प्लॅटिपस पाण्यात असा वळवला, की तरंगांच्या रेषा वर्तुळ भरून टाकतात. 10 सेंटवरच्या लायरबर्डची पिसाऱ्यासारखी शेपटी काठाच्या वळणानेच जाते. नाण्याच्या गोलपणातूनच प्राण्याची ठेवण निघाली आहे, असं वाटावं इतकी ती चपखल आहे.

याच्या उलट बाजूला अमेरिकेच्या 1999 ते 2008 या काळातल्या पन्नास राज्यांच्या क्वार्टरांपैकी (25 सेंटच्या नाण्यांपैकी) बरीच नाणी येतात. साउथ कॅरोलायनाच्या 24 मिलिमीटरच्या नाण्यावर राज्याचा नकाशा, पक्षी, फुलं आणि झाड, सगळं आहे. लुइझियानावर नकाशा, ट्रम्पेट आणि पेलिकन. प्रत्येक गोष्ट वेगळी छान कोरलेली आहे, पण एकत्र आल्यावर ती यादी होते. न्यू जर्सीच्या नाण्यावर वॉशिंग्टन नदी ओलांडतानाचं प्रसिद्ध तैलचित्र घेतलं आहे. भिंतभर चित्रातली नाव आणि तिच्यातली माणसं नखाएवढ्या जागेत आली की नुसता दाटीवाटीचा पुंजका उरतो. त्याच मालिकेतलं कनेक्टिकटचं 1999 चं नाणं संग्राहक आवर्जून वाखाणतात, कारण त्यावर फक्त एक ओक वृक्ष आहे आणि त्याच्या फांद्या अख्खं वर्तुळ भरतात. ही दोन नाणी शेजारी ठेवून बघा. या पायरीचा तेवढा धडा पुरेसा आहे.

पायरी 2: तिरप्या उजेडात उठाव बघा

खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. टेबल-दिवा नाण्याच्या पातळीपेक्षा थोडा वर, एका बाजूला ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवत पूर्ण गोल करा. समोरून पडणाऱ्या उजेडात सगळी नाणी सपाट दिसतात. तिरप्या उजेडात गालाचा गोलावा, चुण्यांची खोली, पिसांचे थर जागे होतात. चांगल्या उठावात उंची सलग बदलते, कपाळावरून नाकाकडे जाताना उजेड सरकत जातो. वाईट उठावात एकच उंची असते, जणू पत्र्यातून आकार कापून चकतीवर चिकटवला आहे. हल्लीच्या कित्येक स्मारक-नाण्यांवरचे फोटोवरून केलेले चेहरे असे दिसतात. पार्श्वभूमी आरशासारखी आणि चेहरा दुधी करून हा सपाटपणा झाकलेला असतो. उजेड फिरवला की झाकलेलं उघडं पडतं.

पण मग सगळीच नाणी भरपूर उठावाची का करत नाहीत? हे समजून घेतलं नाही तर पुढची प्रत्येक तक्रार अर्धवट राहील.

डायमध्ये चित्र खोलगट असतं. दोन डायांमध्ये कोरी चकती ठेवून दाब दिला, की धातू त्या खोलगट भागांत चढतो. खळगा जितका खोल, तितका जास्त धातू तिथे सरकायला हवा, आणि तो सरकण्यासाठी दाब वाढवावा लागतो किंवा घाव पुन्हापुन्हा घालावा लागतो. दाब वाढवला की डाय लवकर तडकतात. चलनी नाणं एका घावात पूर्ण झालं पाहिजे, नाहीतर टांकसाळीचं गणित बसत नाही. शिवाय आकृती काठापेक्षा उंच गेली तर नाणी एकावर एक रचताना डळमळतात.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचं 20 डॉलरचं सोन्याचं नाणं. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना प्राचीन ग्रीक नाण्यांच्या तोडीचं नाणं हवं होतं. सेंट-गॉडन्स यांनी मशाल घेऊन समोर चालत येणारी स्वातंत्र्यदेवी घडवली. 1907 च्या अगदी पहिल्या नमुन्यांवर एकेका नाण्याला नऊपर्यंत घाव घालावे लागले. त्यानंतर उठाव थोडा कमी करून केलेल्या नाण्यांनाही किमान तीन लागत. अशी जेमतेम बारा हजारांवर नाणी निघाली आणि मग टांकसाळीचे मुख्य कोरक्ये चार्ल्स बार्बर यांनी उठाव खाली आणला. रोमन आकड्यांत लिहिलेलं सालही साध्या अंकांत आलं. हीच खालच्या उठावाची आवृत्ती 1933 पर्यंत चालली. दोन्ही आवृत्त्यांचे चांगले, तिरप्या उजेडातले फोटो मिळवून शेजारी ठेवा. रचना तीच आहे, पण वस्त्रांच्या चुण्यांतली हालचाल खालच्या उठावात अर्धी विझते. बहुतेक संग्राहक उंच उठावावर जीव टाकतात आणि बार्बर यांना दोष देतात. आमच्या मते तो दोष अन्याय्य आहे. नऊ घावांत होणारं नाणं पदक म्हणून अप्रतिम असेल, चलन म्हणून ते अपुरंच आहे.

अमेरिकेच्याच 1921 च्या चांदीच्या पीस डॉलरचं असंच झालं: पहिल्या वर्षी उठाव उंच होता, मध्यभाग नीट भरेना, 1922 मध्ये तो उतरवावा लागला.

आता एक सराव, जो फार थोडे लोक करतात. नाण्याच्या छाप्याचा आणि काट्याचा फोटो प्रत्यक्ष आकारात पातळ कागदावर छापा. दोन्ही कागद एकमेकांना पाठ लावून, नाणं ज्या दिशेने उलटतं त्याच दिशेने जुळवून उजेडासमोर धरा. अमेरिकी नाणी वरून खाली उलटावी लागतात, ब्रिटिश नाणी उजवीकडून डावीकडे. जुळवणी चुकली तर निष्कर्षही चुकेल. आता बघा, छाप्याचा सर्वांत उंच भाग काट्याच्या सर्वांत उंच भागाच्या बरोबर मागे येतो का? येत असेल तर दोन्ही बाजूंचे खळगे एकाच ठिकाणच्या धातूवर हक्क सांगतात आणि दोघांपैकी एक उपाशी राहतो. अॅडॉल्फ वाइनमन यांचं चालत्या स्वातंत्र्यदेवीचं अर्धं डॉलर (1916 ते 1947) सर्वांच्या आवडत्यांत असतं, आणि 1986 पासून अमेरिकेच्या चांदीच्या गुंतवणूक-नाण्यावर तीच आकृती आहे. तरी त्या अर्ध्या डॉलरच्या कितीतरी कोऱ्या नाण्यांवर देवीचा डावा हात आणि डोकं अस्पष्ट असतं. झीज नाही, घाव कमी पडलेला असतो. आवडत्या नाण्यातला दोष असा ओळखता आला की ती आवड टिकाऊ होते.

पायरी 3: झिजलेलं नाणं मुद्दाम बघा

नवखे लोक फक्त कोरी नाणी बघतात. रचनाकाराची खरी परीक्षा झिजलेल्या नाण्यात होते. एकाच प्रकारची तीन नाणी मिळवा: कोरं, मध्यम झिजलेलं आणि पार गुळगुळीत. तिन्ही ओळीत ठेवा आणि आधी काय गेलं, मग काय गेलं, हे क्रमाने लिहा. जे आधी गेलं ते सर्वांत उंच होतं. आता प्रश्न असा: आधी गेलेल्या गोष्टीशिवाय नाणं वाचता येतं का?

जेम्स अर्ल फ्रेझर यांचं बायसनचं 5 सेंटचं नाणं (1913 ते 1938) संग्राहकांच्या काळजाचा तुकडा आहे. एका बाजूला मूळनिवासी माणसाचं भारदस्त मुख, दुसरीकडे जागा पूर्ण व्यापणारा बायसन. पण पहिल्या रूपात बायसन उंचवट्यावर उभा होता आणि मूल्य त्या उंचवट्यावरच लिहिलेलं. ते झपाट्याने झिजणार हे दिसल्यावर 1913 मध्येच उंचवटा काढून मूल्य खोलगट पट्टीत नेलं. सालाची मात्र तशी सोय झाली नाही. ते माणसाच्या खांद्यावर, उंच जागी राहिलं. म्हणून साल पुसलेली अशी नाणी ढिगाने सापडतात. काही लोक आम्ल लावून साल परत उमटवतात. असं नाणं टाळा, त्या जागी पृष्ठभाग कायमचा खरबरीत झालेला असतो.

हर्मन मॅकनील यांच्या उभ्या स्वातंत्र्यदेवीच्या क्वार्टरचं (1916 ते 1930) दुखणं तेच. साल देवीच्या पायाखालच्या पायरीवर, उंचावर. 1925 मध्ये ते खोलगट केलं आणि प्रश्न मिटला. 1924 चं आणि 1926 चं झिजलेलं नाणं शेजारी ठेवलं तर फरक भिंगाशिवाय दिसतो.

झिजेवर उलटा उपाय बेला लायन प्रॅट यांनी केला. 1908 ते 1929 मधल्या त्यांच्या अडीच आणि पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्यांवर आकृती वर येतच नाही, ती पृष्ठभागाच्या आत कोरल्यासारखी आहे. सर्वांत उंच भाग म्हणजे मोकळी जागाच, त्यामुळे चेहरा सुरक्षित राहतो. फिलाडेल्फियाचे नाणे-व्यापारी सॅम्युएल चॅपमन यांनी थेट राष्ट्राध्यक्षांना लिहून तक्रार केली, की खळग्यांत घाण साचेल आणि रोग पसरतील. आज या नाण्यावर संग्राहकांत सरळ दोन तट आहेत. तुम्ही कुठल्या तटात आहात हे तिरप्या उजेडात बघून ठरवा, कारण समोरच्या उजेडात आत कोरलेली आकृतीही डोळ्यांना वर आल्यासारखी भासते. खोलगट आकृतीची कल्पना प्रॅट यांच्या खूप आधीची आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात दक्षिण इटलीतल्या मेटापाँटमच्या नाण्यांवर एका बाजूला सातूचं कणीस उठावात आणि मागे तेच कणीस खोलगट असे.

पायरी 4: अक्षरं आणि आकडे

अक्षरं ही रचनेनंतर उरलेल्या जागेत भरायची गोष्ट आहे असं मानणाऱ्या नाण्यांची रया त्या अक्षरांनीच जाते. तीन गोष्टी तपासा: अक्षरांमधलं अंतर सारखं आहे का, लेख, म्हणजे नाण्यावर कोरलेला मजकूर, आकृतीला धक्का देतो का, आणि मूल्य परक्या माणसाला कळतं का.

ब्रिटनमध्ये 2008 साली मॅथ्यू डेंट यांची मालिका आली. 1 पेनीपासून 50 पेन्सपर्यंतच्या सहा नाण्यांवर राजढालीचे तुकडे, जुळवले की ढाल पूर्ण. कल्पना इतकी देखणी की अनेकांनी तिला गेल्या काही दशकांतली उत्तम रचना ठरवलं. पण सुटं नाणं हातात आलं की तुकडा कसला आहे ते कळत नाही, आणि मूल्य फक्त इंग्रजी शब्दांत, आकडा कुठेच नाही. जपानच्या 5 येनवरही मूल्य फक्त चिनी लिपीतल्या अक्षरांत आहे. मात्र त्या नाण्याला मध्ये भोक आहे आणि पितळी रंग आहे, त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही ते ओळखता येतं. शिवाय भोकाभोवती दातेरी चाक, वर भाताची ओंबी, खाली पाण्याच्या रेषा, म्हणजे उद्योग, शेती आणि मासेमारी तीन खुणांत बसवली आहे. ब्रिटनच्या 2023 च्या मालिकेत ठसठशीत आकडे परत आले.

वाचायला कठीण असूनही लाडकं असलेलं नाणं म्हणजे विल्यम वायन यांचं ब्रिटनचं 1847 चं गॉथिक क्राउन. अक्षरं जुन्या धर्मग्रंथांसारखी टोकदार, साल रोमन आकड्यांत. व्यवहारात ते त्रासाचं ठरलं असतं, पण ते फक्त आठ हजारांच्या आसपास पाडलं गेलं आणि जपून ठेवण्यासाठीच होतं. अपवाद का चालला, हे नोंदवायला विसरू नका.

पायरी 5: शेजारच्या नाण्याशी गल्लत होते का

डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, एकाच चलनातली दोन जवळची नाणी ओळखून बघा. मग कॅलिपरने व्यास मोजा. अडीच मिलिमीटरच्या आतला फरक आणि सारखाच रंग असेल तर घाईत गल्लत होणारच.

अमेरिकेचा सुझन अँथनी डॉलर (1979) इथेच फसला. व्यास 26.5 मिलिमीटर, क्वार्टरचा 24.3. रंग तोच, कडेवरचे दाते तेच. काठाच्या आत अकरा कोनांची चौकट दिली होती, पण बोटाला जाणवायची ती कड, आणि कड गोलच राहिली. नाणं 1981 नंतर थांबलं, 1999 मध्ये एकदा पुन्हा पाडलं. 2000 साली आलेल्या सॅकागविया डॉलरचा व्यास तोच ठेवला, मात्र रंग सोनेरी आणि कड बिनदात्यांची केली.

याहून मजेदार चुका मूल्य न लिहिण्याच्या आहेत. अमेरिकेच्या 1883 च्या 5 सेंटवर फक्त रोमन पाच होता, ‘सेंट’ हा शब्दच नव्हता. व्यास 5 डॉलरच्या सोन्याच्या नाण्याच्या अगदी जवळ. लोकांनी त्यावर सोन्याचा मुलामा देऊन ते 5 डॉलर म्हणून खपवलं, आणि त्याच वर्षी शब्द टाकावा लागला. ब्रिटनमध्ये 1887 च्या सहा पेन्सचा काटा सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनसारखा दिसे. तिथेही मुलामा, तिथेही त्याच वर्षी माघार. त्याच वर्षीच्या नाण्यांवर जोसेफ बोएम यांनी घडवलेली व्हिक्टोरिया राणी होती, डोक्यावर चिमुकला मुकुट, आता घसरतो की मग घसरतो असा. लोक हसले. 1893 मध्ये थॉमस ब्रॉक यांचं ओढणी घेतलेलं वयस्क मुख आलं, आणि ते आजही ब्रिटनच्या उत्तम राजमुखांत गणलं जातं.

पायरी 6: रचनेचा राग आणि अर्थाचा राग वेगळे ठेवा

काही नाणी दिसायला वाईट म्हणून नावडती झाली नाहीत, लोकांनी त्यांत भलतंच काही पाहिलं म्हणून झाली. 1793 च्या अमेरिकी सेंटच्या काट्यावर पंधरा राज्यांच्या एकजुटीची पंधरा कड्यांची साखळी होती. स्वातंत्र्याच्या नाण्यावर बेडी कशाला, अशी टीका झाली आणि काही आठवड्यांतच साखळीच्या जागी पानांची माळ आली. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपयाही असाच. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो म्हणून गहजब झाला आणि 1912 मध्ये हत्तीचं चित्र सुधारलं. भिंग घेऊन दोन्ही वर्षांचे हत्ती बघा: बदल अगदी बारीक आहे, पण सोंड स्पष्ट झाल्याबरोबर प्राणी बदलतो. नाण्याच्या आकारात एका रेषेचं वजन किती असतं, हे याहून चांगलं दुसरीकडे दिसणार नाही.

वहीत अशा नाण्यासमोर दोन वेगळे रकाने ठेवा. गाजावाजा झालेलं नाणं संग्राहकांत हमखास मागणीचं होतं, आणि मागणी दिसली की नवख्याला ते सुंदर वाटू लागतं.

पायरी 7: दोष रचनेचा की टांकसाळीचा

मत पक्कं करण्याआधी त्याच प्रकारची किमान पाच नाणी बघा. एकाच जागी पाचांवरही अस्पष्टता असेल तर दोष रचनेकडे जातो. एका-दोघांवरच असेल तर घाव कमी पडला, डाय झिजली किंवा चकती सरकली. हातोड्याने ठोकलेल्या जुन्या नाण्यांबाबत ही पायरी गाळलीत तर अन्याय होईल. तिथे चकती डायपेक्षा लहान असते, किंवा घाव मधोमध बसत नाही. अथेन्सच्या कितीतरी नाण्यांवर अथीनाच्या शिरस्त्राणाचा तुरा चकतीबाहेर गेलेला असतो. गुप्त सम्राटांच्या सोन्याच्या नाण्यांवर काठालगतचा लेख बऱ्याचदा अर्धाच उतरतो. समुद्रगुप्ताचं वीणा वाजवणारं रूप बघताना लेख तुटला म्हणून नाक मुरडू नका. मंचकावर निवांत बसलेला राजा, मांडीवर वीणा, आणि हे सगळं साधारण 20 मिलिमीटरमध्ये. शस्त्राशिवाय राजाला राजा म्हणून उभं करणारी ही रचना आमच्या यादीत फार वर आहे. तुटलेला लेख दोन-तीन नाण्यांवरून जुळवून पूर्ण वाचता येतो, आणि तो वाचायला मजाही येते.

वही कशी भरायची

प्रत्येक नाण्याला एक पान. वर व्यास, वजन, धातू, पाडल्याची वर्षं, रचनाकार. खाली पाच ओळी: तीन सेकंदांत काय आठवलं, उठाव कसा, झिजल्यावर काय उरतं, अक्षरं, गल्लत. प्रत्येक ओळीला शून्य ते चार गुण द्या आणि गुणासमोर कारण लिहा. ‘छान आहे’ हे कारण धरू नका, ‘घुबडाचे डोळे लांबूनही पकडतात’ हे कारण आहे. एकूण बेरजेला फार महत्त्व देऊ नका. अक्षरांना शून्य मिळालेलं गॉथिक क्राउन तरीही आवडू शकतं, आणि पाचही ओळींत तीन-तीन गुण मिळवलेलं नाणं कंटाळवाणं असू शकतं. चार्ल्स बार्बर यांची 1892 ते 1916 ची चांदीची नाणी या दुसऱ्या प्रकारात बसतात: टिकाऊ, वाचनीय, नीट ठोकली जाणारी, आणि तरी कुणाच्या लाडक्यांच्या यादीत सहसा वर नसणारी.

सुरुवातीला दहा आवडती आणि पाच नावडती नाणी पुरेत. नावडती पाच खरोखर विकत घ्या, किंवा मित्राकडून बघायला आणा, कारण फोटोवरून नावडलेली काही नाणी हातात आल्यावर पालटतात. विकत घेताना प्रत्येक प्रकारचं एकच, पण पूर्ण घाव बसलेलं नाणं निवडा. विक्रेत्याकडे तिरप्या उजेडातला फोटो मागा, आणि फोटोत रंग भडक व पृष्ठभाग एकसारखा चकचकीत दिसला तर घासलेलं असण्याची शक्यता धरून थांबा. सहा महिन्यांनी त्याच पानांवर दुसऱ्या रंगाच्या शाईने पुन्हा गुण द्या. पहिले गुण खोडू नका, शेजारी तारीख लिहा.